तिसऱ्या मजल्यावरचा फूटभर समुद्र



मी बंगळुरूमध्ये राहतो. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे आणि मंगळुरूचा किनारा दूर आहे. तो घाट उतरून, साडेतीनशे किलोमीटरवर. अशा ठिकाणी, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, माझ्याकडे एक समुद्र आहे. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ६० आणि उंची फक्त ३०. आज मी त्यातल्या माशांबद्दल फारसं बोलणार नाही. पाइपांबद्दल बोलणार आहे. मासे दाखवणारे व्हिडिओ खूप आहेत, पाइप कोणी दाखवत नाही आणि घर बुडतं ते पाइपांमुळे. हे मला रात्री पावणेतीन वाजता कळलं.

त्या रात्रीकडे येतो. आधी हे सांगतो की एवढी उथळ टाकी का.

माझं बालपण मालवणचं. ओहोटी लागली की कातळावर डबकी उरायची. वीतभर पाणी, पण आत सगळा संसार. शेवाळ, शंखातले खेकडे, बोटाएवढे मासे. आजोबा ओरडायचे, "हात घालू नको हां, आत काय आसा ता ठावक नाय." मी तासन्‌तास वरून बघत बसायचो. नेहमीचं अ‍ॅक्वेरियम आपण समोरून बघतो, टीव्हीसारखं. मला वरून बघायचं होतं.

हे झालं मनातलं कारण. उरलेली कारणं हिशेबाची. माझ्या टाकीत पाणी २७ सेंटिमीटर चढतं, म्हणजे सुमारे १९४ लिटर. काच, दगड, खालचा संप आणि स्टँड धरून वजन जातं साडेतीनशे किलोच्या घरात. आपल्याकडे राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोचा भार धरून आखतात. माझं वजन पाऊण चौरस मीटरवर उभं आहे! म्हणून टाकी खोलीच्या मध्यावर नाही, बीमच्या वर, भिंतीला लागून आहे. हीच टाकी दोन फूट उंच असती तर मी ती ठेवायचं धाडस केलं नसतं. शिवाय पाणी उथळ असलं की दिवा लहान चालतो आणि पृष्ठभाग मोठा असल्यामुळे प्राणवायू सहज मिसळतो.

तोट्याची बाजूही याच पृष्ठभागात आहे. ७,२०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर खाली गेलं की ७.२ लिटर गेलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. प्रवाळ कुठून आणलं? नाही आणलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी सांगाडा करणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आले. पहिली अनुसूची म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मेलेला, वाळलेला तुकडासुद्धा त्यात येतो. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ छोट्या वसाहती आड आल्या, तेव्हा महापालिकेला त्या हलवण्यासाठी वनखात्याची रीतसर परवानगी काढावी लागली. महापालिकेला! आणि इथे लोक कुरियरने मागवतात. मलाही एकाने "साहेब, सगळे ठेवतात" असं सांगून फोटो पाठवले होते. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी ते फोटो बघत होतो.

याला एक जुना इतिहास आहे. १८५४ साली इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी समुद्र ठेवायची लाट उसळली. लोक रेल्वेने किनाऱ्यावर जायचे आणि डबकी उपसून आणायचे. पुढे १९०७ मध्ये त्याच्याच मुलाने आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं की वडिलांनी दाखवलेले ते किनारे लोकांनी ओरबाडून रिकामे केले. मला मालवणची डबकी आठवली आणि मी ते फोटो डिलीट केले.

त्यामुळे माझ्या टाकीत प्रवाळ नाही. दगडही समुद्रातला नाही, मी केलेला आहे. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा तीन भाग, सिमेंट एक भाग आणि भोकं पडावीत म्हणून मूठ-मूठ जाडं मीठ. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात ओतायचं. सुकल्यावर मीठ विरघळून जातं आणि दगड जाळीदार होतो. पण सिमेंट पाणी जळजळीत करतं. दोन महिने बादलीत भिजत घालून पाणी बदलत राहावं लागलं. बायको म्हणायची, लोक कडधान्य भिजवतात, तू दगड भिजवतोस. त्यावर आता समुद्रशेवाळ वाढलंय, हिरवं आणि लालसर, एका मित्राच्या टाकीतल्या छाटणीतून आणलेलं. आणि क्लाउनफिशची एक जोडी आहे, पैदास केंद्रात जन्मलेली. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास बसवली, आपल्या ऐरोलीतही हॅचरी झाली. समुद्रातून पकडलेला क्लाउनफिश घेण्याचं आता काही कारण उरलेलं नाही.

चला, पाइपांकडे.

रचना साधी असते. वर टाकी, खाली कपाटात दुसरी टाकी, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीच्या मागच्या काचेला वरच्या कडेजवळ भोक. पाणी त्यातून आपल्या वजनाने खाली येतं, संपमध्ये गाळलं जातं आणि पंप ते परत वर ढकलतो. भोक पाडायला हिऱ्याची कणी लावलेलं होल-सॉ लागतं आणि काच टफन्ड असून चालत नाही, ती एका क्षणात भुगा होते. भोकात टँक कनेक्टर बसतो, तोच जो गच्चीवरच्या काळ्या टाकीला असतो. पाइप यूपीव्हीसीचे, सोल्युशनने चिकटवलेले. जिथे उघडावं लागेल तिथे युनियन टाकायचे. मी पहिल्या वेळी युनियन वाचवले आणि पंप धुवायला काढायचा म्हटलं की करवत घ्यावी लागायची.

प्लंबरने येताना चकचकीत पितळी गेट व्हॉल्व्ह आणला. म्हणाला, साहेब, हा लावा, जन्मभर बघायला नको. बिचारा बरोबर होता, गोड्या पाण्यासाठी. पितळेत तांबं असतं. खारं पाणी ते हळूहळू विरघळवतं आणि तांबं शंख-खेकड्यांना विष आहे. दोन दुकानं फिरून प्लॅस्टिकचा मिळाला. तेच क्लिपांचं. स्टीलची म्हणून घेतलेली क्लिप सहा महिन्यांत गंजली.

आता ती रात्र. वर पाणी परत सोडणाऱ्या पाइपाचं तोंड मी पाण्याखाली सहा सेंटिमीटर ठेवलं होतं. का? दिसायला बरं. पंप बंद पडला तर काय होतं? पाइप पाण्याने भरलेला असतो, तो सायफन होतो आणि पाणी उलटं खाली यायला लागतं, तोंड उघडं पडेपर्यंत. मला हे माहीत होतं. म्हणून मी दोन बंदोबस्त केले होते. पाइपात एनआरव्ही, म्हणजे उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली पाइपाला तीन मिलिमीटरचं भोक, म्हणजे पाणी जरा उतरलं की हवा आत जाऊन सायफन तुटेल.

पावणेतीनला वीज गेली. एनआरव्हीच्या झडपेत शंखाचा बारीक तुकडा अडकला होता. भोक शेवाळाने बुजलं होतं. सहा सेंटिमीटर गुणिले ७.२, जवळजवळ ४३ लिटर पाणी खाली निघालं. संपमध्ये जागा होती २५ लिटरची. उरलेलं १८ लिटर खारं पाणी कपाटातून फरशीवर, फरशीच्या सांध्यातून खाली.

खालच्या मजल्यावर एक अज्जी राहतात. कानडीत आजीला अज्जी म्हणतात, आपल्यापेक्षा फक्त ज जरा ठासून. सकाळी त्या वर आल्या. चिडलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "समुद्र मनेगे बंतु." समुद्र घरी आला. मी खाली जाऊन बघितलं तर देवघराच्या वर छताला ताटाएवढा ओला डाग. आणि हे गोडं पाणी नाही की वाळलं नि संपलं. मीठ काँक्रीटमध्ये गेलं की आतल्या सळ्या गंजवतं. मी तिथलं प्लॅस्टर काढून घेतलं, ते गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुववलं, वाळू दिलं, मग नवं केलं. तीन आठवडे अज्जींचं देवघर हॉलमध्ये होतं. रोज संध्याकाळी त्यांच्या घंटेचा आवाज वेगळ्या खोलीतून यायचा आणि मला तो ऐकू यायचा.

त्या तीन आठवड्यांत मी सगळे पाइप कापले आणि नव्याने बांधले. या वेळी एकच प्रश्न समोर ठेवला. वीज गेल्यावर पाणी कुठे जाऊन थांबेल? आधी मी चालू टाकीची रचना केली होती, आता बंद टाकीची केली.

परतीच्या पाइपाचं तोंड दीड सेंटिमीटरवर आणलं. म्हणजे एनआरव्ही नसला, भोक बुजलं, तरी वरून येणार ११ लिटर, पाइपातलं तीनेक. संपची जागा २५. एनआरव्ही काढूनच टाकला. जो भाग अडकू शकतो त्याच्यावर घर सोडायचं नाही.

उतरत्या पाण्यासाठी एकाऐवजी दोन पाइप केले. एक पूर्ण भरून वाहतो, त्याला गेट व्हॉल्व्ह, त्यामुळे आवाजही येत नाही. पूर्वीची गुळगुळ बंद झाली. दुसरा थोड्या वरच्या पातळीवर, कायम कोरडा. पहिला तुंबला तर तो घेतो. त्यात पाणी पडल्याचा आवाज आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. शौकीन लोक याला हर्बी पद्धत म्हणतात.

आणि उलटा हिशेब, जो बहुतेक जण विसरतात. दोन्ही पाइप तुंबले तर पंप संपमधलं पाणी वर चढवतच राहील. वर काठापर्यंत जागा तीन सेंटिमीटर, म्हणजे २१ लिटर. म्हणून पंपाचा कप्पा आडवी काच लावून एवढा लहान केला की त्यातून जेमतेम १४ लिटर वर जाऊ शकतं. मग पंप कोरडा पडतो. पंप जळला तर जळो.

मग मासे दुसऱ्या टाकीत ठेवून, साधं पाणी भरून, प्लग काढला. पाणी थांबलं तिथे संपवर मार्करने रेघ मारली. पुन्हा प्लग लावला, पुन्हा काढला. वीस वेळा. एकदा कोरडा पाइप मुद्दाम फडक्याने बंद करून. अज्जींना बोलावून घेतलं आणि शेवटच्या वेळी प्लग त्यांना काढायला लावला. त्या कपाटापाशी खाली वाकून रेघेकडे बघत राहिल्या, पाणी थांबेपर्यंत.

एक गोष्ट राहिली आणि ती मला अजून पूर्ण सुटलेली नाही. उथळ टाकीतून पाणी फार उडतं. मार्चच्या कोरड्या हवेत दिवसाला तीन-चार लिटर. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी लागते, नाहीतर खारटपणा चढतो. लिटरला ३५ ग्रॅम, त्याच्या आसपास ठेवायचं असतं. पंखा लावला की तापमान दोन-तीन अंश उतरतं, मुंबईकरांसारखा चिलर मला लागत नाही, पण पंख्याने पाणी आणखी उडतं. आणि हे गोडं पाणी आरओचं लागतं. एसीचं पाणी घ्या असं बरेच सुचवतात. ते कॉइलवरून येतं, कॉइल बहुधा तांब्याची. पुन्हा तेच विष. माझ्या आरओला एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर सोडून द्यावं लागतं.

मार्च २०२४ मध्ये शहरात पाण्याची टंचाई आली. पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायला, बागेला घालायला पाणीपुरवठा मंडळाने बंदी केली, पाच हजार रुपये दंड. आमच्या इमारतीत नळ ठरावीक वेळी, बाकी टँकर. आणि माझ्या घरात एक समुद्र तहानलेला. लिफ्टमध्ये अज्जींनी सहज विचारलं, तुझ्या माशांनाही टँकरचंच पाणी का? मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून टाकीवर काचेची झाकणं आहेत, दोन बोटं फट ठेवून. वरून बघण्याची मजा निम्मी गेली. उडणारं पाणी निम्म्याहून कमी झालं. पंखा फक्त दुपारी. आरओचं सोडलेलं पाणी पिंपात साठतं, त्यात फरशी आणि फ्लश होतात. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी सोडून गच्चीवरचं पाणी धरतो, तेच आरओतून काढलं की सोडून देण्याचं प्रमाण कमी बसतं. तरीही पिण्याचं काही पाणी माशांकडे जातं, हे खरं आहे. पुन्हा तशी टंचाई आली तर मी ही टाकी बंद करून मासे कोणाला तरी देईन, असं घरात ठरलंय. कोणाला, तेही ठरलंय.

गेल्या गणपतीत आम्ही मालवणला गेलो, आठ दिवस. घराची किल्ली अज्जींकडे होती. त्या मासे बघायला रोज यायच्या की रेघ बघायला, मला सांगता येत नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. रात्री दोन तास वीज गेली होती. फोटोत टाकी नव्हती, मासे नव्हते. नुसता संप होता आणि पाणी रेघेच्या बोटभर खाली थांबलेलं होतं.