आतले आणि बाहेरचे



जो समूह आपले वेगळेपण जपतो, तो बाहेरच्यांसाठीही एक नाव घडवतो. विज्ञानकथांच्या इंग्रजी रसिकांनी इतरांना ‘मंडेन’ म्हटले. रोमानी लोक परक्याला ‘गाजो’ म्हणतात. १९९७ साली जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरने ‘मगल’ हा शब्द आणला : ज्याच्या अंगी जादू नाही तो. भोळसट माणसाला इंग्रजीत ‘मग’ म्हणतात, त्यावरून तो घडला. जीपीएसच्या साहाय्याने लपवलेल्या डब्या शोधणारे जिओकॅशिंगचे खेळाडू तर न खेळणाऱ्या साऱ्यांना मगलच म्हणतात. कुणा अनभिज्ञाने डबी उचलून नेली, की ती ‘मगल झाली’!

इथवर गंमत. पण त्याच मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात हर्मायनीला ‘मडब्लड’, म्हणजे घाणेरड्या रक्ताची, म्हणून हिणवले जाते. वर्गातली सर्वांत अभ्यासू मुलगी ती. तिचे दंतवैद्य आईवडील मगल, एवढाच तिचा अपराध. मुले हा प्रसंग एका दमात वाचून पुढे जातात. पालकांनी मात्र तिथे थांबावे. परप्रांतातल्या मराठी घरांतही शेजाऱ्यांसाठी असा एखादा शब्द रुळलेला असतो. तो मुलांनी प्रथम कोणाच्या तोंडून ऐकला, हे त्यांनाच विचारून पाहावे.