फोन त्यांच्याच हातात राहू द्या



आई फोन घेऊन मुलाजवळ येते आणि म्हणते, ‘हे काय आलंय, बघ रे जरा.’ मुलगा कामात असतो. ‘दे इकडे, मी करतो,’ म्हणून तो फोन घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि परत देतो. काम झालं, पण आई काही शिकली नाही. पुढच्या आठवड्यात ती तेच विचारायला येते, तेव्हा तिला ऐकावं लागतं, ‘परवाच तर दाखवलं होतं!’ असं दोन-तीनदा झालं की ती विचारणंच सोडून देते. मला काळजी वाटते ती इथे.

आई-बाबांना फोन शिकवायचा असेल, तर आपले हात पाठीमागे ठेवून बसावं. बोट त्यांचंच चाललं पाहिजे, चुकलं तरी त्यांचंच. त्याआधी मात्र आपल्या वाट्याचं थोडं काम आहे. वयानं बोटांची कातडी कोरडी पडते आणि हलका स्पर्श पडद्याला कळत नाही. मग माणूस जोर लावून, बोट टेकवून ठेवतो. फोनला वाटतं, यांना काही वेगळंच हवंय. भलतीच यादी उघडते, नाहीतर चिन्ह जागचं हलतं आणि बाबा घाबरून म्हणतात, ‘माझ्या हातून बिघडला वाटतं.’ बिघडलेलं काहीच नसतं. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ असा एक भाग असतो. बोट किती वेळ टेकलं म्हणजे ‘दाबून धरलं’ असं समजायचं, ते तिथे ठरवता येतं. तो वेळ वाढवून ठेवा. अक्षरं मोठी करा, फोनची भाषा मराठी करा. निम्मी भीती तिथेच जाते.

सुरुवात कशापासून करायची? त्यांना ज्याची ओढ आहे त्यापासून. आमच्या शेजारच्या काकूंना वीजबिल भरायला शिकण्यात काडीचाही रस नव्हता, त्यांना कीर्तन ऐकायचं होतं. यूट्यूब उघडून माइकचं चिन्ह दाबायचं आणि मराठीत बोलायचं, एवढंच त्यांना सांगितलं. आपण बोललेले शब्द पडद्यावर जसेच्या तसे उमटलेले पाहून त्या क्षणभर बघतच राहिल्या, आणि लगेच स्वतःहून दुसऱ्या बुवांचं नाव बोलून पाहिलं. पायऱ्या त्यांनी वहीत स्वतःच्या भाषेत लिहून घेतल्या आहेत: ‘लाल चौकोन, मग भिंग, मग माइक.’ वही अशीच हवी. आपण छापून दिलेला कागद त्यांच्या उपयोगाचा नसतो.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या घरी नोव्हेंबर हा शिकवण्याचा उत्तम महिना. त्या महिन्यात द्यायच्या हयातीच्या दाखल्यासाठी अनेक जण आजही बँकेत रांगेत उभे राहतात. केंद्र सरकारनं २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही सोय आणली, पण ती मुख्यतः बोटांच्या ठशांवर चालायची, आणि म्हातारपणी ठसे पुसट होतात. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. फोनमध्ये जीवन प्रमाणचं ॲप आणि आधारचं चेहरा ओळखणारं ॲप अशी दोन्ही हवीत. उजेडाकडे तोंड करून बसायचं आणि ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि खाते क्रमांक आधीच कागदावर काढून ठेवा. ऐन वेळी शोधाशोध झाली की आपलाच आवाज चढतो.

मुलं बंगळुरूला किंवा अमेरिकेत असली, तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर आईला आपला पडदा मुलाला दाखवता येतो. त्याला दिसतं, पण बोट आईचंच चालतं. म्हणून ही सोय मला आवडते. मात्र पहिल्याच दिवशी बजावून सांगा, हा पडदा फक्त घरच्यांना दाखवायचा. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारे भामटे नेमकं हेच करायला सांगतात, किंवा एखादं ॲप उतरवून घ्यायला लावतात.

पैशांचं शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी. यूपीआयचा पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे मिळतील, पिन टाका’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. पेन्शन जमा होते ते खातं यूपीआयला न जोडता थोडी रक्कम असलेलं वेगळं खातं जोडावं, आणि सराव भाजीवाल्याकडे कोथिंबीर घेताना करावा.

आता सुरुवातीच्या काळजीकडे येते. सध्या ‘डिजिटल अटक’ या नावाखाली वयस्कर माणसांना तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवून लुबाडलं जातं. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. या भामट्यांचा पहिला हुकूम असतो, ‘घरात कुणाला सांगू नका.’ साध्या प्रश्नालाही घरी बोलणी खाल्लेली आई हा हुकूम निमूटपणे पाळते. विचारण्याची तिची सवय आपण मोडली असेल, तर त्या दिवशी ती मुलाला फोन करत नाही. म्हणून ‘हे काय आलंय, बघ रे’ हा प्रश्न घरात कितीही वेळा आला, तरी त्याचं स्वागत झालं पाहिजे. तिच्या फोनमध्ये बसवलेल्या कुठल्याही ॲपपेक्षा मला त्याचा भरवसा जास्त वाटतो.

आणि फसवणूक झालीच, तर ‘तुला सांगितलं होतं ना’ हे वाक्य त्या दिवशी तरी नको. ताबडतोब १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा, बँकेला कळवा. आलेले मेसेज पुसू नका, व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवा. पैसे चोरट्यांच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.