‘योल’: तुरुंगाबाहेरचा तुरुंग

आज बोलूया ‘योल’ या तुर्की सिनेमाविषयी. योल म्हणजे वाट.

या सिनेमाची जन्मकथाच विलक्षण आहे. लेखक यिल्माझ ग्युनेय हा तुर्कस्तानातला लोकप्रिय नट आणि दिग्दर्शक. एका न्यायाधीशाच्या खुनाबद्दल तो शिक्षा भोगत होता. पटकथा त्यानं तुरुंगातच लिहिली, बारीकसारीक सूचना दिल्या आणि त्याबरहुकूम चित्रीकरण केलं शेरिफ ग्योरेन यांनी. १९८१ मध्ये ग्युनेय निसटला, युरोपात पोहोचला आणि तिथं त्यानं संकलन पूर्ण केलं. १९८२ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार ‘योल’ला ‘मिसिंग’बरोबर विभागून मिळाला. मायदेशात मात्र १९९९ पर्यंत बंदी होती.

बंदी का? गोष्ट तर साधी आहे. पाच कैद्यांना काही दिवसांची रजा मिळते आणि ते घरी निघतात. पण १९८० च्या लष्करी उठावानंतरचा तो देश. रस्त्यात सैनिक, झडत्या, ओळखपत्रं. एकाचा रजेचा कागद हरवतो आणि त्याची सगळी रजा कोठडीतच जाते. कुर्दी ओमरच्या गावात सैनिक मृतदेह आणून ठेवतात आणि विचारतात, हा कुणाचा? सख्खा भाऊ समोर पडलेला असतो, तरी ‘हा आमचा’ म्हणायची कुणाची छाती होत नाही.

इथंच सिनेमा थांबला असता, तर सरकारवरची टीका म्हणून आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो. ग्युनेय पुढं जातो. सैयित अलीच्या बायकोला तिच्या माहेरच्यांनीच साखळीनं बांधून ठेवलंय. घराण्याची अब्रू गेली, आता नवऱ्यानंच तिला संपवावं, ही अपेक्षा. तो तिला बर्फातून चालवत नेतो. ती कोसळते, तेव्हा त्याच्या मनात कालवाकालव होते, तो तिला पाठीवर घेतो. पण उशीर झालेला असतो.

मला या सिनेमाचं मोल इथं वाटतं. ज्याच्यावर जुलूम होतो, तोही घरात जुलमी असू शकतो, हे ग्युनेय आपल्याच माणसांना सांगतो. सत्ता बदलली की बाहेरचे पहारे उठतीलही. पण घरातली साखळी कुणी सोडायची? सिनेमा पाहताना हा प्रश्न जरूर सोबत ठेवा.