पेट्रोल कुठं अडलं?

मी दिंडोरीहून बोलते आहे. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. आज हप्ते, व्याज आणि नोंदवही बाजूला ठेवू. आज आपल्या गटाच्या यंत्राबद्दल बोलू.

आता बऱ्याच गटांकडे भाड्यानं द्यायची अवजारं असतात. पॉवर विडर असतो, पाठीवरचा फवारणी पंप असतो, पाणी उपसायचं छोटं इंजिन असतं. पेट्रोलवर चालणारं असं यंत्र ऐन हंगामात बंद पडलं की आपण दोनच गोष्टी करतो. दोरी ओढून ओढून हात दुखवून घेतो, नाहीतर मिस्त्रीला फोन करतो. मधली एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे नीट बघणं.

आमच्या गटात काय झालं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात टोमॅटोच्या सऱ्यांत आमचा विडर चालायचा. पंधरा मिनिटं चालला की गुरगुरून बंद. थोडा वेळ ठेवला की पुन्हा सुरू. मिस्त्रीकडं दोनदा नेला, पैसे गेले, दुखणं तेच. तिसऱ्यांदा सांगण्यात आलं, कार्बोरेटर बदला. त्यातच बैठकीत कुणीतरी म्हणालं, पेट्रोलच भेसळीचं आहे. पेट्रोल आणायचं काम आमच्या एका ताईंकडं होतं. मीही सगळ्यांसमोर त्यांना दोन शब्द बोलले. ताई काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

मग एक दिवस विडर चालवणारी आमची मैत्रीण म्हणाली, “मॅडम, पेट्रोल किती उरलंय ते बघायला मी झाकण उघडते ना, त्यानंतर तो लगेच सुरू होतो.” आम्ही झाकण काढून नीट पाहिलं. झाकणाच्या आत दुधाच्या पिशवीचा तुकडा बसवलेला होता. यंत्र टेम्पोतून नेताना पेट्रोल सांडायचं, म्हणून तो मीच बसवला होता.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं अडखळत येतं, तसंच हे. पिशवीनं भोक बुजलं, हवा थांबली, म्हणून पेट्रोलही थांबलं. कोकणात छोट्या होड्यांना मागं पेट्रोलचं इंजिन लावतात. त्यांच्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो उघडायचा राहिला तर होडी थोडी पुढं जाऊन अशीच बंद पडते.

तेव्हा बिघाड शोधायचा कसा? आपल्याकडं वाघाडचा, पालखेडचा कालवा आहे. टेलच्या वावरात पाणी आलं नाही तर आपण वावर उकरत बसत नाही. चारीच्या काठानं चालत जातो आणि पाणी कुठपर्यंत आलंय ते बघतो. पेट्रोलचंही तसंच करायचं.

पहिली गोष्ट, इंजिन थंड होऊ द्या. यंत्र उघड्यावर घ्या. जवळ चूल, विडी, दिवा काही नको.

आता बघायचं, पेट्रोल शेवटपर्यंत पोचतंय का. चार-पाच वेळा दोरी ओढा आणि मग प्लग काढून बघा. प्लगचं टोक कोरडं असेल तर पेट्रोल वाटेत अडलंय. ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, दोष ठिणगीत असेल किंवा पेट्रोल जास्त झालं असेल. या एका तपासणीनं निम्मं काम होतं. मात्र प्लग काढलेला असताना दोरी ओढून ठिणगी बघायला जाऊ नका. तिथं पेट्रोलची वाफ असते.

प्लग कोरडा असेल तर टाकीपासून सुरुवात करा. झाकण सैल करून इंजिन चालवून बघा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन नीट चाललं, तर भोक बुजलंय. ते साफ करा.

विडरची टाकी वर असते, पेट्रोल आपोआप खाली येतं. कॉक बंद करा, कार्बोरेटरकडची नळी काढा, तिचं तोंड स्वच्छ काचेच्या बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग आली तर इथपर्यंत ठीक. थेंब थेंब आलं तर कॉक, टाकीतली जाळी किंवा फिल्टर तुंबलाय. नळीला चीर पडली आहे का तेही बघा. पाठीवरच्या काही पंपांना छोटा पारदर्शक फुगा असतो. तो दाबल्यावर पेट्रोलनं भरला पाहिजे. नुसते बुडबुडे दिसले तर टाकी रिकामी आहे किंवा नळीतून हवा शिरतेय.

ती बाटली पाच मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात कॅन उघडा राहिला तर ओल आत जाते आणि तळाला साचते. असं पेट्रोल वापरू नका.

धार चांगली, पेट्रोल स्वच्छ, तरी इंजिन फक्त चोक ओढल्यावरच चालतं, चोक सोडला की बंद पडतं, तर बहुतेक कार्बोरेटरचा जेट तुंबलेला असतो. जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक. जुनं पेट्रोल आटून तिथं चिकट थर बसतो. हे काम मिस्त्रीला द्या. पण देताना सांगा, “झाकण पाहिलं, धार पाहिली, पेट्रोल स्वच्छ आहे.” मग काम नेमकं होतं आणि भलता खर्च टळतो.

एक गोष्ट हात जोडून सांगते. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला लावू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. घरात लेकरं असतात.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग ठेवा. पेट्रोल लागेल तेवढंच आणा आणि कॅनवर तारीख लिहा.

आणि यंत्रासाठी एक वही करा. कधी बंद पडलं, किती मिनिटांनी, काय केल्यावर सुरू झालं, एवढंच लिहायचं. आमच्याकडं ती वही असती तर पंधरा मिनिटांचं कोडं पहिल्याच आठवड्यात सुटलं असतं.

पेट्रोल आणणाऱ्या ताईंच्या घरी मी स्वतः गेले. पिशवीचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “ताई, चूक माझी होती.” त्यांनी चहा ठेवला. पुढच्या बैठकीत मी हेच सगळ्यांसमोर सांगितलं, कारण बोललेही सगळ्यांसमोरच होते. आता विडरची वही त्याच ताई लिहितात.

यंत्र बंद पडलं तर आधी टाकीचं झाकण उघडून बघा, माणसाला बोल लावायची घाई करू नका. पुढच्या बैठकीत गटाचं यंत्र अंगणात ठेवा आणि टाकीपासून प्लगपर्यंत पेट्रोलची वाट प्रत्येकीनं बोट ठेवून दाखवा.