हलकं इंजिन, भारी हिशेब

आज बोलूया डिझेल इंजिनाच्या वजनावर.

आपल्या खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवरचं बिडाचं इंजिन जड असलं तरी चालतं, कारण ते एका जागी उभं असतं. गाडीत मात्र प्रत्येक किलो ओढायला डिझेल लागतं.

मग अ‍ॅल्युमिनियम वापरूया? तेवढ्याच आकाराचा तुकडा बिडाचा ७.२ किलोचा असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचा फक्त २.७ किलोचा. पण इंजिन काही तितकं हलकं होत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. तो दाब सोसायला भिंती जाड ठेवाव्या लागतात, सिलिंडरमध्ये बहुधा बिडाचं लायनर बसवतात. तरी फायदा उरतोच. २०२२ च्या स्कॉर्पिओ क्लासिकचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आधीच्यापेक्षा ५५ किलोंनी हलकं आहे, असं महिंद्रानं सांगितलं. म्हणजे एक माणूस गाडीतून उतरला!

पण अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. आणि ब्लॉक बिडाचा असला तरी आजच्या गाड्यांत हेड बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. म्हणून खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा चढला, तर ‘वर पोहोचून बघू’ म्हणू नका. हेड वाकलं की गॅस्केट गेलंच समजा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, रेडिएटरचं झाकण पूर्ण गार झाल्यावरच उघडा. नाहीतर वाचलेल्या डिझेलचे पैसे गॅरेजवाला घेईल.

भेटू पुढच्या भागात!