शिकवणी लावण्याआधी

रोवणी आटोपली, आता लेकरांच्या वह्या उघडून पाहा. मागच्या वर्गाचं पुस्तक वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी करायला सांगा. एकाच ठिकाणी लेकरू अडखळत असेल, तर तेवढ्यापुरतीच मदत हवी. सगळेच विषय अचानक मागे पडले, तर आधी डोळे-कान तपासून घ्या. घरी पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या लहानग्याला पुस्तकातली मराठीच अडत असेल.

मग गुरुजींना, बाईंना भेटा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ प्रमाणे गरज असलेल्या मुलाला जादा शिकवणं हे शिक्षकांचं कर्तव्यच आहे. एवढं करूनही गाडं अडलं, तर शिकवणी लावा, मुलीलासुद्धा. आणि महिन्याभरानं तेच पान पुन्हा वाचून घ्या.