यंत्रशाळेतून व्यवस्थापनाकडे



अभियांत्रिकीची पदवी हाती आली की मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो : पुढे एम.टेक. की एम.बी.ए.? पहिला मार्ग यंत्राकडे जातो आणि दुसरा अधिकाराच्या खुर्चीकडे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या दोहोंना जोडणाऱ्या तिसऱ्या मार्गाचा, म्हणजे औद्योगिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा, विचार क्वचितच होतो.

वस्तुतः हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. १९६३ साली भारत सरकारने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने मुंबईत विहार तलावाजवळ याच विषयाची राष्ट्रीय संस्था उभारली. ‘निटी’ या नावाने ती उद्योगजगतात परिचित झाली. २०२३ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि तीच संस्था आय.आय.एम. मुंबई झाली. तिथे प्रवेशासाठी ‘कॅट’ द्यावी लागते, आय.आय.टी. मुंबईत याच शाखेच्या एम.टेक.साठी ‘गेट’.

या शास्त्राचे मर्म एका साध्या हिशेबातून कळते. एखादा सुटा भाग क्रमाने तीन यंत्रांवरून जातो असे समजू. पहिले यंत्र तासाला ६० नग काढते, दुसरे ४० आणि तिसरे ५५. तयार माल तासाला ४० नगच निघणार. मोठा खर्च करून पहिल्याची क्षमता ८० केली, तरी वाढते ती दुसऱ्या यंत्रापुढची अर्धवट मालाची रास आणि तीत अडकलेले भांडवल. ताळेबंदात ही रास मालमत्ता म्हणून मांडली जाते; कामगाराला ती रोज वाटेतला अडथळा म्हणून दिसते. पण त्याला विचारतो कोण? ताळेबंद आणि कामगार या दोघांची भाषा जाणणारा अधिकारी घडविणे, हेच या शिक्षणाचे प्रयोजन होय.

१९५० साली डेमिंग यांनी जपानी उद्योजकांना हेच सांगितले होते : गुणवत्ता अखेरच्या तपासणीतून येत नाही, ती प्रक्रियेतच घडवावी लागते. त्यांच्या नावाचा जपानी पुरस्कार १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटन या भारतीय कंपनीने मिळविला. म्हणजेच हे आपल्या मातीतही साध्य आहे.

व्यवस्थापक चुकला तर तोटा केवळ भागधारकांचा होत नाही. चाकण, अंबड, बुटीबोरीतील अनेक चुली त्याच्या निर्णयावर पेटत असतात. म्हणून पालकांनी ‘पॅकेज किती?’ या प्रश्नाआधी पाल्याला एवढे अवश्य विचारावे : ‘शिकताना किती दिवस यंत्रापाशी उभा राहणार आहेस?’